निंबा दौलतचं घर सोडून

सुकलाल बोरसे पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला हाकलून दिलं होतं. लिंबायतच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. पालक येतात ते एक तर दाखला काढायला, नाही तर पोराला का मारलं म्हणून जाब विचारायला, हे मला पाठ होतं. सुकलालची सोनाली माझ्या वर्गात होती. मी म्हटलं, काय हो, दाखला पाहिजे का? तर त्यानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "बाई, एवढं तपासून द्याल का? इंटरनेटवर टाकायचंय." वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'निंबा दौलत यांच्या वाचकांसाठी'. मला वाटलं कुठला तरी बुवा असणार. असल्या भानगडीत मला पाडू नका म्हटलं आणि दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. या वेळी कागद नव्हते, 'सत्तावीस नंबर' नावाची कादंबरी होती, कव्हर गेलेली. "आधी हे वाचा, मग हाकला," म्हणाला. मी मूळची वर्ध्याकडची, लग्न होऊन सुरतेत आलेली. मराठी पुस्तकांवाचून जीव कासावीस व्हायचा. दोन दिवसांत वाचून संपवली. लूम चालवणाऱ्या माणसांची गोष्ट होती. शाळेच्या खिडकीतून जो खडखडाट मी रोज ऐकायची आणि ज्यावर रोज वैतागायची, त्याच्या आत बसून कुणी तरी लिहिलेली. तिसऱ्या दिवशी मी लाल पेन घेऊन त्याचे कागद तपासले, आणि पुढची अकरा वर्षं तपासतच राहिले. ऱ्हस्व-दीर्घात हा माणूस शेवटपर्यंत सुधारला नाही.

निंबा दौलत या नावाच्या लेखकानं चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्याचा एकही फोटो कुठे छापला गेला नव्हता. मुलाखत नाही, भाषण नाही, पुरस्कार मिळाला तर घ्यायला प्रकाशक जायचा. कुठे राहतात विचारलं की प्रकाशक "गुजरातेत" एवढंच सांगायचा. मग काय, लोकांच्या कल्पनेला ऊत आला. कुणी म्हणे निवृत्त कलेक्टर आहे, कुणी म्हणे मुळात बाई आहे. नाव टोपण असणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

सुकलालला या वादात रस नव्हता. त्याचं वेड दुसरीकडून सुरू झालं होतं. चौदाव्या वर्षी तो शिंदखेड्याहून घर सोडून सुरतेला निघाला, तेव्हा नंदुरबार स्टेशनावर दीड दिवस उपाशी बसून होता. समोरून माणसं जात होती, कुणी विचारलं नाही. पुढे तिशीत त्याच्या हाती निंबा दौलतची दुसरी कादंबरी आली, 'गव्हाणीची पाळी'. तिच्यात नायकाची आई आहे, जिजी. ती नंदुरबार स्टेशनावर एका भुकेल्या पोराला आपलं गाठोडं सोडून भाकरी देते आणि म्हणते, "खाई ले, भाऊ. मन्ही बी एक पोर परक्या घरम्हा शे. तिले बी कोणी देई." माझीही एक मुलगी परक्या घरात आहे, तिलाही कुणी देईल. हे वाचून सुकलाल खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, स्टुलावर बसून इतका रडला की शेटनं येऊन विचारलं, काय झालं, घरी कुणी गेलं का?

त्याचं काम बीम जोडण्याचं. लूमवरचं बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपत आलं की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बांधायचा, असे हजारो धागे, तेही तुटू न देता. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. एक बीम झालं आणि दुसरं संपायला वेळ असला की हा तिथेच भिंतीला टेकून मोबाइलवर साइटचं लिहीत बसायचा. कादंबऱ्यांतल्या माणसांची यादी, गावांचे नकाशे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे अहिराणी शब्दांचा कोश. पुण्याच्या वाचकांना अर्ध्या ओळी कळायच्या नाहीत. सुकलालनं अकराशे शब्द जमवले, प्रत्येकाखाली कादंबरीतलं एक वाक्य. विद्यापीठातले प्राध्यापक त्याला "आदरणीय सुकलालजी" असं लिहायचे. खात्यात त्याला "ए बीमवाला" म्हणत. मी एकदा विचारलं, तुला या दोन्हींचं काही वाटत नाही का? तर म्हणाला, "बाई, दोघांनाही काम असलं की आठवण येते."

साइट सुरू होऊन दीड वर्ष झालं तेव्हा सुकलालच्या नावानं, लिंबायतच्या पत्त्यावर, प्रकाशकाच्या पाकिटातून एक पोस्टकार्ड आलं. बॉलपेननं लिहिलेलं, तीनच वाक्यांचं. 'तुमचं काम कळलं. मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. माझं घर सोडून काय ते लिहा. नि. दौ.'

त्या दिवसापासून तोच साइटचा कायदा झाला. पत्ता, फोटो, कुटुंब यांबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं की सुकलाल ते काढून टाकायचा. एका चॅनलवाल्यानं लेखकाला शोधून काढण्याचा कार्यक्रम करू म्हटलं, त्यालाही यानं फोनवर अशा शुद्ध मराठीत झापलं की मला माझ्या शिकवणीचा अभिमान वाटला. "मी शब्द दिलाय," एवढंच म्हणायचा. खरं तर त्यानं कुणालाच काही दिलं नव्हतं, मागितलंही कुणी नव्हतं. पण आयुष्यात एका मोठ्या माणसानं आपल्यावर एक काम सोपवलं आणि आपण ते राखलं, ही त्याची एकुलती एक मिळकत होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं कशी घालवली आणि त्यात माझा हात किती होता, तेच मला सांगायचंय.

जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. सुकलाल आला, चप्पल न काढता आत आला, आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला. त्याची बायको कविता हिच्या माहेरच्या ग्रुपवर एक शोकपत्रिका आली होती. खानदेशातली माणसं सुरतेत कितीही वर्षं राहिली तरी अशा पत्रिकेत मूळ गाव लिहितात, हल्लीचा मुक्काम लिहितात, लेकी-जावयांची नावं लिहितात. मी वाचलं. जिजाबाई दौलत देसले, वय एक्याण्णव, मूळ गाव साक्री तालुक्यात, हल्ली मुक्काम डिंडोली. खाली शोकाकुल म्हणून मुलाचं नाव: निंबा दौलत देसले, चलथाणच्या साखर कारखान्यातून निवृत्त टाइमकीपर. मुलगी इंदुबाई.

'गव्हाणीची पाळी' साखर कारखान्यात घडते. नायकाच्या आईला सगळे जिजी म्हणतात. गावाजवळची नदी, आठवड्याचा बाजार, सगळं साक्रीकडचं आहे, हे सुकलालनं नकाशात कधीच दाखवलं होतं. आणि नाव टोपण नव्हतंच. या माणसानं फक्त आडनाव गाळलं होतं. डिंडोलीत तो आपल्या खऱ्या नावानं, दारावर पाटी लावून राहत होता. तो कुणापासून लपलेला नव्हता. त्याच्या गल्लीत कुणी वाचत नव्हतं, एवढंच. आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं.

"दारावर जाऊ का, बाई?" सुकलालनं विचारलं.

मरण झालेल्या घरी बसायला जाण्याला हे लोक दारावर जाणं म्हणतात. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक उतरण्याच्या विधीपर्यंत, त्या घराचं दार कुणालाही बंद नसतं. आल्या माणसाला या म्हणत नाहीत, निघताना कुणी येतो म्हणत नाही. तीस वर्षं ज्यानं एका वाचकाला उंबऱ्याशी येऊ दिलं नव्हतं, त्याचं दार तेरा दिवस उघडं होतं.

"पण त्यांनी लिहिलंय ना, घर सोडून," सुकलाल म्हणाला.

आणि मी, शहाणी बाई, काय बोलले? "लिहायला कुठे चाललास? बसायला चाललास. दारावर जायला कुणाची परवानगी लागते?" वर म्हटलं, "थांब, मी पण येते." मला त्या माणसाला बघायचं होतं. दुःखात सहभागी व्हायला मी निघाले नव्हते, हे आता कबूल केलेलं बरं.

डिंडोलीतलं घर इतर शंभर घरांसारखंच होतं. बाहेर मांडव, खाली सतरंज्या, पुरुष बाहेर, बायका आत. मी उंबऱ्यालगत बसले, तिथून दोन्हीकडचं दिसत होतं. निंबाआप्पा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. सदुसष्टच्या आसपासचे, डोकं भादरलेलं, त्यावर लोकरीची टोपी, बुटके. बसस्टॉपवर भेटले असते तर मी त्यांना नंबर कुठला आला म्हणून विचारलं असतं. आत इंदुबाई भिंतीशी बसल्या होत्या, सत्तरीच्या, आप्पांच्या थोरल्या बहीण. विधवा होऊन भावाकडे आलेल्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या जिजीचं नऊ वर्षं सगळं केलेल्या. हे मला शेजारच्या बाईनं कुजबुजत सांगितलं. इंदुबाई रडत नव्हत्या. आलेल्या बायकांना पाणी पुरतंय की नाही ते बघत होत्या.

मांडवात बळीरामनाना नावाचे एक म्हातारे, जिजीचे भाचे, आल्या माणसाशी बोलायचं काम करत होते. असा एक जण प्रत्येक घरी असतो. जो येईल त्याला ओळख विचारायची, आणि गेलेल्या माणसाबद्दल त्यानं एक चांगलं सांगायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या. सुकलालची पाळी आली.

"कोठला शेतस तुम्ही, भाऊ?"

"लिंबायतमा ऱ्हास. मूळ शिंदखेडाना."

"जिजीले कसं काय वळखेत?"

सुकलालला सांगता आलं असतं की कारखान्यात आप्पांच्या ओळखीचा आहे. काहीही सांगता आलं असतं. तो सतरंजीकडे बघत बोलायला लागला. चौदा वर्षांचा होतो, म्हणाला. घरून निघालो होतो. नंदुरबार स्टेशनावर दीड दिवस उपाशी बसलो होतो. एक बाई आली, तिनं गाठोडं सोडलं. पुढचं मला पाठ होतं. मी तो उतारा साइटसाठी तीनदा तपासला होता.

"माले बोलनी, खाई ले, भाऊ. मन्ही बी एक पोर परक्या घरम्हा शे. तिले बी कोणी देई."

तो खोटं बोलत होता असं मी आजही म्हणू शकत नाही. स्टेशन खरं होतं, भूक खरी होती, दीड दिवस खरा होता. भाकरी तेवढी त्याला सोळा-सतरा वर्षांनी पुस्तकात मिळाली होती, आणि त्यानं ती आपल्या पानात वाढून घेतली होती.

मांडवात माना हलल्या. आत मात्र इंदुबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या उठून उंबऱ्याशी आल्या, माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. "जिजी आसं बोलनी?" त्यांनी विचारलं.

"हा, आक्का," सुकलाल म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं.

मग त्या बाईला जे रडू फुटलं, ते मी तरी दारावर कधी पाहिलेलं नाही. बायकांनी धरलं, बसवलं. त्या एकच बोलत होत्या, माझी आठवण काढली तिनं, स्टेशनावर, परक्या पोरापुढे. बाहेर निंबाआप्पांनी प्रथमच मान वर केली होती. ते सुकलालच्या बोटांकडे बघत होते.

आम्ही उठून निघालो. गल्लीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीपाशी मागून पावलं आली. आप्पा हातात रिकामा तांब्या घेऊन आले होते, हात धुवायला आल्यासारखे.

"लिंबायतना सुकलाल का?"

"हा, आप्पा."

"ते मी लिहिलेलं आहे," आप्पा म्हणाले. माझ्यामुळे असेल, ते साध्या मराठीत बोलत होते. आवाज चढवला नाही. "जिजी नंदुरबार स्टेशनावर आयुष्यात कधी गेली नाही. इंदूला तिनं सोळा वर्षं माहेरी बोलावलं नाही. इंदूचं पहिलं पोर गेलं, तेव्हाही गेली नाही. इथे नऊ वर्षं इंदूनं तिचं हगणं-मुतणं काढलं, तरी मरेपर्यंत तिला पांढऱ्या पायाची म्हणत होती. तशी आई मला पुस्तकात नको होती. मी बदलून घेतली."

सुकलाल मांडवाकडे वळला. "मी आत जाऊन खरं सांगतो, आप्पा."

"काय सांगशील? मी पुस्तकं लिहितो हे? की जिजीला तिची आठवण कधी आली नाही हे?"

सुकलाल वळलेला तिथेच थांबला.

"मी तुला घर सोडून लिही म्हटलं होतं," आप्पा म्हणाले.

"मी एक अक्षर लिहिलं नाही, आप्पा."

"लिहिलं असतंस तर मी छापू नको म्हटलं असतं. तू बोललास." तांब्या विसळून ते परत गेले.

रिक्षात मी एकटीच बोलत राहिले. तुझा हेतू वाईट नव्हता, त्या बाईला बरं वाटलं, वगैरे. माणूस चुकलेला असला की मला फार सुचतं.

आम्हाला वाटलं, इथे संपलं. पण गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी इंदुबाईंचा निरोप आला, कुणाकुणाकडून नंबर मिळवून. त्या भाऊंनी कार्याला आलंच पाहिजे, आणि सगळ्यांसमोर जिजीची गोष्ट सांगितली पाहिजे. सुकलाल त्या दिवशी जेवला नाही. नाही गेलं तर इंदुबाई शोधत येणार, गेलं तर आप्पांसमोर पुन्हा तेच. तो गेला. मीही बरोबर होते. कार्याला दोनशे माणूस होतं. साक्रीहून गाडी आली होती. सुकलालनं हातात माइक घेऊन ती गोष्ट सांगितली, मान खाली घालून. निंबाआप्पा पाहुण्यांच्या रांगेत बसून स्वतःचं पान दुसऱ्याच्या तोंडून आईचं चरित्र म्हणून ऐकत होते. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. बळीरामनाना म्हणाले, जिजी वरून कडक होती, आतून आम्हाला काय माहीत.

पंगत बसायच्या आधी इंदुबाईंची नात स्नेहा माझ्याशेजारी येऊन बसली. कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत मुलगी. तिनं सुकलालचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. "बाई, मी याचा व्हिडिओ बनवणार, आपल्या समाजाच्या ग्रुपवर टाकणार," ती मला म्हणाली, "मागे नंदुरबार स्टेशनाचा जुना फोटो पाहिजे." आणि तिनं तिथेच शोधायला घेतलं. नंदुरबार, स्टेशन, जिजी, भाकरी. एवढे चार शब्द त्या पोरीनं मराठीत टाइप केले.

समोर उभ्या असलेल्या सुकलालनं ते पाहिलं. जगात त्या चार शब्दांना एकच उत्तर होतं, आणि ते त्यानंच अकरा वर्षं खपून वर आणून ठेवलं होतं. साइटवरचं 'जिजी' हे पान. वर लेखकाचं नाव, खाली तो उतारा शब्दन् शब्द. मांडवातल्या गर्दीत नेट रेंगाळत होतं, स्नेहाच्या मोबाइलवर गोल फिरत होतं. "ताई, पंगत बसली, आधी आजीला घेऊन या," सुकलाल म्हणाला. तिनं मोबाइल ओढणीत गुंडाळला आणि गेली.

सुकलाल मांडवाबाहेर गेला. मी मागे गेले तेव्हा तो एका टेम्पोच्या आडोशाला उकिडवा बसून मोबाइलवर काही तरी करत होता. जिजीचं पान त्यानं तिथेच काढून टाकलं. मग म्हणाला, "बाई, नुसतं पान काढून उपयोग नाही." आणि खरंच नव्हता. माणसांच्या यादीत जिजी होती. नकाशात तिचं घर होतं. वाचकांच्या शेकडो पत्रांत नंदुरबार स्टेशन होतं. बहुतेकांना कादंबरीतलं तेवढंच आठवायचं.

पुढचे तीन दिवस त्यानं खातं बुडवलं आणि साइट पुसली. मी भांडले त्याच्याशी. बाकी जाऊ दे, शब्दकोश ठेव, म्हटलं; तो तुझा आहे, त्याच्या कादंबरीचा नाही. अकराशे शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले होते, मलाही त्यांची माया होती. तर म्हणाला, "शब्दाखाली वाक्यं आहेत, बाई. वाक्यांत जिजी आहे." वाक्यं काढ आणि शब्द ठेव, मी म्हटलं. "मग तो कोश नाही, किराण्याची यादी आहे," म्हणाला. पहिल्यांदाच तो मला उलट बोलला. चौथ्या दिवशी साइट उघडली की कोरं पांढरं पान यायला लागलं.

वाचकांनी जे लिहिलं ते मी वाचलं आहे. प्रत कुणी करून ठेवली नव्हती, त्याचा रागही सुकलालवरच निघाला. आदरणीय सुकलालजींना एका आठवड्यात लोकांनी चोर ठरवलं, विकला गेला म्हटलं, अडाणी माणसाच्या हाती ठेवा दिला की असंच होणार म्हटलं. पुण्याच्या ज्या प्राध्यापकांनी कोशावर दोन निबंध लिहिले होते, त्यांनीच हे शेवटचं वाक्य लिहिलं. मला उत्तर द्यायचं होतं. मजकूरही तयार केला होता, चांगला झणझणीत. सुकलालनं हात जोडले. खरं सांगितलं की घर सांगावं लागतं, म्हणाला.

स्नेहाला तो उतारा कधी सापडला नाही. इंदुबाईंना त्यांची आई मिळाली. हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी सुकलालला मनातल्या मनात शाबासकी दिली असती. पण इंदुबाईंचं पोट भरलं नव्हतं. सत्तर वर्षांची उपासमार एका भाकरीनं भागत नाही. दर आठ-दहा दिवसांनी फोन यायचा. भाऊ, चहाला या. भाऊ, अजून काही सांगा ना जिजीचं. सुकलाल जायचा. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि मला वाटतं, आता त्याला दुसरीकडे कुणी बोलावतही नव्हतं. त्यानं पहिल्या कादंबरीतली आई जिजी म्हणून सांगितली, मग चौथीतली. सुरतेला आल्यावर जिजी पुन्हा दोनदा भेटली होती असं बनवून सांगितलं. तो आला की निंबाआप्पा आतल्या खोलीत निघून जायचे.

मार्चमध्ये एकदा मी बरोबर गेले. म्हटलं, बघू तरी काय चाललंय. इंदुबाईंनी पोहे केले होते. त्यांचा चेहरा खरंच भरला होता. सुकलाल सांगत होता की एकदा उधन्याच्या बाजारात जिजीनं हिरव्या बांगड्या हातात घेतल्या, पुन्हा ठेवल्या आणि म्हणाली, मन्ही इंदूना हात बारीक शे, तिले ह्या मोठ्या होतीन. इंदुबाई आपल्या मनगटाकडे बघत होत्या. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. चारही कादंबऱ्या मला जवळजवळ पाठ आहेत. बांगड्यांची गोष्ट त्यांत कुठेही नाही. ती चांगली होती, हे सगळ्यात वाईट. निंबा दौलतनं लिहावी इतकी चांगली होती.

आतल्या खोलीचं दार उघडलं. आप्पा बाहेर आले नाहीत, चौकटीत उभे राहिले. "सुकलाल, जरा इकडे ये," म्हणाले. मीही उठून गेले, बोलावलं नव्हतं तरी. खोलीत एक टेबल होतं, त्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. वरचा कागद उन्हानं पिवळा पडायला लागला होता.

"हे बांगड्यांचं कुठलं?" आप्पांनी हळू आवाजात विचारलं.

सुकलाल त्या कोऱ्या कागदांकडे बघत होता.

"दोन महिने झाले," आप्पा म्हणाले. "मी कागद घेतला की तुझी जिजी बोलायला लागते. गोड बोलते. माझी जी होती, शिव्या देणारी, तिच्याशी मी चाळीस वर्षं भांडत लिहिलं. ती आता काही बोलतच नाही." मग ते अहिराणीवर आले. "मन्ही माय मरी जायेल शे, भाऊ. तिले मरू दे."

सुकलालनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. इंदुबाईंना काही न सांगता तो मागच्या दारानं बाहेर पडला. मी पुढे जाऊन सांगितलं, त्याला खात्यातून फोन आला.

तो पुन्हा तिकडे गेला नाही. बीम जोडतो. मधल्या वेळात भिंतीला टेकून बसतो आणि मोबाइल काढत नाही. पाचवी कादंबरी आली का म्हणून मी अधूनमधून प्रकाशकाला फोन करते, तो नाही म्हणतो. सुकलाल मला कधी विचारत नाही, आणि तुम्ही मला जा का म्हणालात असंही त्यानं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

इंदुबाईंचा फोन तो उचलत नाही. परवा त्यांनी मला केला. म्हणाल्या, "बाई, सुकलालभाऊ कोठे गया? मी काही वंगाळ बोलनू का तेसले?" मी म्हटलं, नाही हो, काम वाढलंय त्याचं. मग म्हणाल्या, "तेसले सांगा, जमी तवय या. निंबाले इचारस तर तो सांगस, माले काहीच याद नही. आठे जिजीले वळखणारं दुसरं कोणीच नही."

सांगते, मी म्हटलं, आणि फोन ठेवला.